४० एकरांत प्राणिसंग्रहालय: बांधून झाल्यावर काय अवघड जातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पालिकेने शहराबाहेरच्या ४० एकरांवर प्राणिसंग्रहालय काढायचं ठरवलंय. आराखड्यात वाघाची जोडी, चार बिबटे, सिंह, हरणांचा कळप आणि काचेमागे पेंग्विन आहेत. बांधकामाला शासनाचा निधी मिळेल असं सांगितलं जातंय. तुम्ही नागरिकांच्या समितीवर आहात आणि चालवताना नेमकं काय अवघड जातं, बैठकीत काय विचारावं, हे तुम्हाला हवंय.

बांधकाम एकदाच होतं, त्यामुळे तो भाग सोपा. रोज सकाळी सात वाजता किती प्राण्यांची नीट व्यवस्था तुमची पालिका लावू शकेल, हा खरा प्रश्न आहे. तीही मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि मांसाच्या ठेकेदाराचं बिल चार महिने थकलेलं असताना. प्राण्यांची संख्या त्यावरून ठरायला हवी. बहुतेक आराखड्यांत उलटं झालेलं असतं. लोकांना काय बघायला आवडेल ते आधी ठरतं आणि रात्रीच्या खोल्या, स्वयंपाकघर, दवाखाना, विलगीकरण हे सगळं उरलेल्या कोपऱ्यात कोंबलं जातं. पुढे जी दुरवस्था दिसते तिचं मूळ बहुधा तिथेच असतं.

काही गोष्टी तुमच्या गावच्या परिस्थितीवर ठरतील: म्हशीचा परवानाधारक कत्तलखाना किती लांब आहे, मे महिन्यात रोज पाणी किती मिळतं, वन्यप्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य पूर्णवेळ मिळतो का, जागेला लागून गोठे किंवा कचरा डेपो आहे का. ही उत्तरं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे खाली आकड्यांपेक्षा ते काढायची रीत देतो.

कायद्याचं आधी उरकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या पूर्वमंजुरीशिवाय नवं प्राणिसंग्रहालय काढताच येत नाही. प्राधिकरण १९९२ पासून आहे आणि सध्याचे मान्यतेचे नियम २००९ चे आहेत. त्यात मास्टर प्लॅन लागतो, कोणते प्राणी किती आणि कशासाठी ठेवणार याचा आराखडा लागतो, आणि आठवड्यातून एक दिवस दारं लोकांसाठी बंद ठेवावी लागतात. त्या बंद दिवशी उत्पन्न बुडतं म्हणून कुरकुर होते. पण खंदकातला गाळ काढणं, जाळी शिवणं, झाडांच्या फांद्या उतरवणं ही कामं गर्दीत होत नाहीत.

आता मागच्या बाजूकडे. वाघाच्या जोडीसाठी बाहेरचं आवार किमान १००० चौरस मीटर हवं, बिबट्यांसाठी ५००. हे आकडे आराखड्यात असतातच, कारण ते तपासले जातात. आतली खोली वाघाला किमान २.७५ मीटर लांब, १.८० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच लागते, प्रत्येकाला स्वतंत्र. इथे लोक मोजून तेवढ्याच खोल्या बांधतात. दोन वाघ, दोन खोल्या. मग मादी व्यायली, एखादा आजारी पडला, एका दाराची दुरुस्ती निघाली की ठेवायला जागा उरत नाही. दोन वाघांना निदान चार खोल्या धरा. त्यातली एक पिलावळीसाठी, अंधारी आणि वर्दळीपासून दूर.

खोल्या आणि बाहेरचं आवार यांमधल्या बोळात स्क्वीझ केज असायला हवा, म्हणजे एक भिंत आत सरकवता येते असा अरुंद पिंजरा. वाघ रोज त्यातूनच ये-जा करत असेल तर त्याला त्याचं काही वाटत नाही. इंजेक्शन द्यायचं असेल, रक्त घ्यायचं असेल तर भिंत सरकवली की पाच मिनिटांत काम होतं. बोळाच्या फरशीत वजनकाटा बसवला तर महिन्याचं वजनही आपोआप मिळतं. हे नसेल तर प्रत्येक किरकोळ उपचारासाठी भुलीचा डार्ट मारावा लागतो, आणि भुलीत जिवाची जोखीम दर वेळी असते. बांधताना याचा खर्च फारसा वाढत नाही. नंतर बसवायचं म्हटलं की भिंत फोडावी लागते.

दारांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माणसं मरतात ती इथे. दार बाहेरून, कप्पी आणि तारेच्या दोरीने किंवा दांड्याने सरकवायचं असतं, आणि ते ओढणाऱ्याला दाराच्या दोन्ही बाजू उभ्या जागेवरून दिसल्या पाहिजेत. सकाळचा क्रम असा. प्राणी आत आहेत तोवर दोघांनी मिळून डोकी मोजायची. खोलीत काळोख असेल तर बॅटरी मारून बघायचं, ‘आहे, आवाज येतोय’ एवढ्यावर भागवायचं नाही. दार पूर्ण बसलं का बघायचं, कुलूप लावायचं, दुसऱ्याने ते ओढून बघायचं. त्यानंतरच सफाईला बाहेरच्या आवारात शिरायचं. प्राणी बाहेर सोडताना हाच क्रम उलटा: आवारातली माणसं, झाडू, बादल्या मोजून बाहेर, मग दार. यात बिघाड कुठे होतो? दाराच्या खाचेत हाडाचा तुकडा किंवा खडी अडकते आणि दार बसल्यासारखं दिसतं पण चार बोटं उघडं राहतं. पावसाळ्यात तारेची दोरी आतून गंजते. आणि सगळ्यात जास्त वेळा, रविवारी दोघांच्या जागी एकटाच माणूस असतो. खाच रोज झाडायची, दोरी दर पावसाळ्याआधी बदलायची, एकटा माणूस असेल त्या दिवशी प्राणी बाहेर सोडायचेच नाहीत. लोक तक्रार करतील, करू द्या.

यावरून माणसांचा हिशेब येतो. प्राणीरक्षकाच्या वर्षात ५२ साप्ताहिक सुट्ट्या, शिवाय सण, किरकोळ रजा, आजारपण मिळून साधारण ४५ दिवस. म्हणजे तो २६८ दिवस हजर. जिथे रोज एक माणूस लागतो तिथे १.३६ माणसं नेमावी लागतात. रोज दहा जण हवेत तर पटावर चौदा. पालिकेच्या प्रस्तावात मात्र दहाला दहाच लिहिलेले असतात, आणि तेही अकरा महिन्यांच्या ठेक्यावर. ठेका बदलला की माणसं बदलतात. प्राणी संध्याकाळी आत येतो तो ओळखीच्या माणसाच्या हाकेला आणि खाण्याच्या वेळेला. नवा माणूस आला की बिबट्या दोन-दोन तास आत येत नाही, मग कोणी काठ्या आपटतं, फटाके वाजवतं, आणि एकदा तसं झालं की त्याला आत घेणं आणखी कठीण होतं. मोठ्या मांसभक्षकांकडचे रक्षक तरी कायम पदावरचे हवेत, हा माझा आग्रह आहे.

मांसाचं गणित करून दाखवतो. मोठ्या वाघाला दिवसाला हाडासकट ८ ते १० किलो मांस लागतं, बिबट्याला ३ ते ४ किलो, आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास असतो. दोन वाघ, चार बिबटे धरले तर खाण्याच्या दिवशी वरच्या मापाने ३६ किलो. वर्षात असे ३१३ दिवस, म्हणजे सव्वाअकरा टन. २०१५ च्या कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून महाराष्ट्रात हे मांस म्हणजे मुख्यतः म्हशीचं. ते रोज सकाळी, पशुवैद्याच्या शिक्क्यासह, ताजं यायला हवं. निविदा सगळ्यात कमी दराला जाते आणि ठेकेदार दर भरून काढतो तो हाडांत, नाहीतर चरबीत. म्हणून निविदेतच लिहून घ्यायचं: हाडाचं प्रमाण किती चालेल, मांस कुठल्या वेळेनंतर स्वीकारलं जाणार नाही, नाकारलं तर किती तासांत बदलून मिळेल, आणि न मिळाल्यास बाजारातून घेऊन फरक ठेकेदाराच्या बिलातून वळता होईल. आणि पालिकेने महिन्याच्या महिन्याला बिल द्यायचं, हेही. थकलेल्या ठेकेदारावर कसली अट लादणार?

तीन दिवसांचं मांस, म्हणजे या उदाहरणात १०८ किलो, उणे १८ अंशाला गोठवून हाताशी हवं. बंद, पूर, कत्तलखान्याची सुट्टी यांपैकी काही ना काही होतंच. गोठवलेलं मांस आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून सावकाश सुटू द्यायचं, अंगणात उन्हात नाही.

हाडासकट का, तर नुसत्या लाल मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शिअम नावापुरतं असतं. बछड्यांना मऊ म्हणून हाड काढलेलं मांस देतात आणि तीन-चार महिन्यांत पाय वाकतात, मागचा भाग लुळा पडतो. काळीज (यकृत) आठवड्याला थोडंसंच, रोज दिलं तर ‘अ’ जीवनसत्त्व अंगावर येतं. मासे खाणाऱ्यांचं वेगळंच असतं. कित्येक माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि गोठवलेल्या साठ्यात ते आणखी घटतं. त्यामुळे पाणमांजर, झोळीवाले पक्षी (पेलिकन), पेंग्विन यांना ते गोळीतून द्यावं लागतं, सहसा माशाच्या कल्ल्यात गोळी लपवून.

आता हरणं. आराखड्यात ती ‘कमी खर्चाचं आकर्षण’ म्हणून असतात. पुढे जाऊन सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच होतात. समजा १० चितळ माद्या आणि ४ नर आणले. मादी वर्षाला एक पाडस देते, वर्षभर केव्हाही विते, आणि तिची पाडी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः विते. एकही मेलं नाही असं धरलं तर पाच वर्षांत शंभराच्या जवळ जाता, तिसरा हिस्सा मेला असं धरलं तरी साठच्या पुढे. मग जमिनीवर गवताची काडी उरत नाही, चिखलात जंत वाढतात, शिंगं टणक झाली की नर एकमेकांची पोटं फाडतात.

यावर पालिकेत हमखास निघणारा उपाय म्हणजे ‘नरांची नसबंदी करा’. पाच नरांपैकी चारांची केली तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो, त्यामुळे ती सगळ्या नरांची झाली तरच उपयोग. व्यवहारात नर आणि माद्या वेगळ्या आवारांत ठेवणं हाच उपाय टिकतो. अट एकच, नरांच्या आवाराकडे माद्यांचा वास वाऱ्याबरोबर येता कामा नये, नाहीतर नर कुंपणावर डोकी आपटत बसतात. म्हणजे सुरुवातीपासून दोन आवारं, दोन निवारे, दोन गव्हाणी. चितळांना जंगलात सोडता येईल असं गृहीत धरू नका. परवानगी, रोगतपासणी आणि योग्य जंगल हे तिन्ही जुळून येणं दुर्मीळ असतं.

चाऱ्यात लसूणघास चांगली, पण पावसाळ्यात ओली, कोवळी, भरपेट दिली तर पोट फुगून जनावर तासाभरात मरतं. आधी सुका कडबा किंवा वाळलेलं गवत, मग सुकवलेली लसूणघास. गव्हाणी एकच ठेवली तर दांडगा नर दुबळ्यांना फिरकू देत नाही, दहा-बारा जनावरांमागे तीन-चार ठिकाणी चारा टाकावा लागतो. आणि बिस्किटं, पाव, भजी! पिठूळ पदार्थ पोटात आंबतात, आम्लता वाढून हरीण बसतं ते उठत नाही. शवविच्छेदनात जठरातून प्लॅस्टिकचा बोळा निघणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून लोकांसाठीचा कठडा कुंपणापासून निदान दीड मीटर अलीकडे हवा आणि सुट्टीच्या दिवशी जादा सुरक्षारक्षक हवेत. प्राण्यांना छेडणं, खायला घालणं हा १९७२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, पण तो नोंदवायला कोणीतरी तिथे उभं असावं लागतं.

रोगराईबद्दल दोन घटना सांगतो, कारण दोन्ही कुंपणाबाहेरून आलेल्या आजाराच्या आहेत. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये काही दिवसांत १२ वाघ दगावले. आजार सर्रा, चावऱ्या माश्यांतून पसरणारा. या माश्या चिखलात, शेणाच्या ओलीत वाढतात, त्यामुळे हरणांच्या आवाराचा निचरा बिघडला की त्याचा फटका शेजारच्या वाघाला बसू शकतो. दुसरी घटना नागपूरच्या गोरेवाड्याची. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू कच्च्या संसर्गित कोंबडीतून किंवा मेलेल्या पक्ष्यातून लागू शकतो. त्यामुळे बर्ड फ्लूच्या काळात कोंबडी पूर्ण बंद, आणि आवारात पडलेला कावळा-बगळा हातमोजे घालून लगेच उचलायचा.

भटकी कुत्री डिस्टेंपर आणि रेबीज आणतात, मांजरी बछड्यांना जिवावर बेतणारा पार्व्हो गटातला रोग देतात, उंदीर लेप्टोस्पायरोसिस, शेजारची गुरं लाळ-खुरकूत. दोन मीटरची संरक्षक भिंत लागते ती यासाठीही, आणि तिच्या पायथ्याशी गटाराची तोंडं उघडी असतील तर तिचा उपयोग शून्य. नवा प्राणी निदान ३० दिवस विलगीकरणात, त्याचा माणूस वेगळा, बादली-झाडू वेगळे, सांडपाणी वेगळं, आणि तीनदा विष्ठातपासणी. माणूस वेगळा देणं शक्य नसेल तर फेरीचा क्रम पाळायचा: निरोगी, मग आजारी, शेवटी विलगीकरण. दारातल्या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये चिखल साचला की औषध निकामी होतं. मी कुठलंही प्राणिसंग्रहालय पाहताना पहिल्यांदा तो ट्रे बघतो.

पेंग्विनचं एका परिच्छेदात. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्यांना सतत १६ ते १८ अंशांत ठेवावं लागतं. म्हणजे शीतयंत्रणा, पाणी गाळायची यंत्रणा, या दोन्हींची पर्यायी जोडणी, जनरेटर, आणि चोवीस तास तंत्रज्ञ. मुंबई महापालिकेच्या खिशाला ते पेलतं. तुमच्या आराखड्यातून ते काढायला लावा, त्या पैशांत दवाखाना आणि विलगीकरण दोन्ही नीट होतील.

वाघ-बिबट्यांच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना पटत नाही: मोठी मांजरं पिंजऱ्यात सहज वितात आणि पिल्लं कोणाला नको असतात. त्यात महाराष्ट्रात विहिरीत पडलेले, उसात सापडलेले, जखमी होऊन कायमचे अधू झालेले बिबटे आधीच बचाव केंद्रांत आहेत, जुन्नरजवळच्या माणिकडोहचं केंद्र त्यासाठीच आहे. तुम्हाला बिबटे हवेतच तर जंगलात परत न जाऊ शकणारे, एकाच लिंगाचे दोन मागा. सिंह मागितलात तर वंशनोंदीतून तो शुद्ध आशियाई आहे हे पाहा, सर्कशींतून आलेल्या संकरित सिंहांचं प्रजनन वाढवायचं नाही असं धोरण आहे. अदलाबदलीला दोन्ही प्राणिसंग्रहालयं मान्यताप्राप्त लागतात आणि प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि त्याआधी दोन-तीन आठवडे प्राण्याला खाणं वाहतुकीच्या पिंजऱ्यातच द्यायचं, म्हणजे निघायच्या दिवशी ओढाताण होत नाही.

४० एकर आणि मध्यम पालिका यांसाठी माझी यादी अशी असेल: दोन बिबटे, तरस, कोल्हा, रानमांजर, चौसिंगा, भेकर, मगर, कासवं, एक मोठा चालत आत जाता येईल असा पक्ष्यांचा पिंजरा, आणि चितळांचा फक्त नरांचा छोटा कळप. वाघ नको. लोक आधी नाक मुरडतील हे मान्य, पण पाण्याकाठी झाडीत फिरणारं तरस संध्याकाळी पाच वाजता बघितलं की मुलं हलत नाहीत.

पैशाचं राहिलं. तिकिटाचे पैसे पालिकेच्या सामान्य खात्यात जातात आणि औषधासाठी कोटेशन मागवत बसावं लागतं, ही रचना असेल तर चांगला संचालकही हतबल होतो. प्राणिसंग्रहालयाचं वेगळं खातं, आणि संचालक किंवा पशुवैद्याला तातडीच्या खरेदीचा ठरावीक अधिकार, हे ठरावात यायला हवं. तिकिटावर सगळं चालेल या भ्रमात राहू नका. राणीच्या बागेचं तिकीटही २०१७ पर्यंत पाच रुपयेच होतं.

बैठकीत मागायचे कागद: कोणते प्राणी किती याचा आराखडा, रात्रीच्या खोल्यांचा मोजमापासह नकाशा, मंजूर पदांची संख्या (कायम किती, ठेक्यावर किती), मांस आणि चाऱ्याच्या निविदेचा मसुदा, मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब, आणि पहिल्या पाच वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद कुठल्या लेखाशीर्षातून होणार ते. नकाशा हातात आला की स्वयंपाकघर, दवाखाना आणि विलगीकरण कुठे आहेत ते शोधा. विलगीकरण लोकांच्या वाटेला लागून किंवा जिथून वारा हरणांकडे वाहतो अशा बाजूला दाखवलेलं असेल तर तो नकाशा तिथेच परत पाठवायला सांगा.